मोहटोल्यात जवाई आऊट होत नाही

धनीराम एका जागी बसून हाये, असं करडी गावात कोनी पाह्यलं नोहोतं. जेवाले बसला तरी एक गुडघा उभा, म्हंजे घास तोंडात असतानाच उठता आलं पाह्यजे. एकदा तर हजामत करता करता उठून गेला, अर्धी दाढी तशीच. काहून, तर तलावाकडून कोनीतरी हाक मारली होती. हाक त्याले नोहोती. तरी गेला.

जातीनं ढीवर, धंदा मच्छीचा. फेकजाळं टाकावं तर त्यानंच. कमरेएवढ्या पान्यात उभा राहून असं गरकन फिरवून टाके का जाळं पान्यावर ताटासारखं पडे. पन फेकजाळ्याचं काम म्हंजे टाका अन् ओढा. दुसरं असते ते लावाचं जाळं. ते सांजेले लावाचं, घरी जाचं, जेवाचं, झोपाचं, अन् सकाळी काढाचं. हे धनीरामच्यानं होत नोहोतं. दर घंट्यानं जाऊन जाळं उचलून पाहे. मच्छी काय त्याच्यासाठी थांबते? त्याच्या पायाच्या आवाजानंच अर्धा तलाव रिकामा होये. शेवटी त्याची बायको जिजा म्हने, "तुमी राहू द्या. जाळं मी पाहतो." अन् ती पाहे बी. सकाळी जाळं काढे, टोपली डोक्यावर घेऊन बजारात बसे, घरी येऊन सासूले भाकर देये. तेवढ्यात धनीराम कुठं कुठं जाऊन आला असे, ते त्यालेच माहीत.

लोक म्हनते धनीराम पागल होता. म्हनू दे. जे म्हनते, त्याईनं कधी पुराच्या पान्यात डोंगा वल्हवून दुसऱ्याची बुढी माय आनली नाही. धनीरामनं आनली होती. बाकीचे काठावर उभे राहून अक्कल शिकवून राहिले होते.

त्र्याऐंशी साली भारतानं वर्ल्डकप जितला अन् इकडच्या गावोगावी क्रिकेटचा ताप आला. त्याच्या आधी पोट्टे हुतुतू खेळत. आता सुताराच्या मांगं लागून सागाच्या फळीची बॅट बनवली, भंडाऱ्याहून लाल बॉल आनला, अन् टीम झाली. कॅप्टन इश्वर, सायकली दुरुस्त करनारा. धनीरामले त्यानं स्टंपामांगं उभं केलं, काहून का त्याच्या हातातून काही निसटत नसे. ज्याले जिती मरळ पकडता येते, त्याले बॉल कायचा भारी. अन् विकेटकीपरले हर बॉलले काहीतरी काम असते. धनीराम म्हने, जलमापासून आपन हेच शोधून राहिलो होतो.

मंग काय, आज ह्या गावी मॅच, उद्या त्या गावी. घरी पाय नाही.

दिवाळी झाली. दिवाळीनंतर इकडं हर गावात मंडई भरते, लेकीबाळी माहेरी जाते. जिजा बी मोहटोल्याच्या मंडईले गेली. मोहटोला म्हंजे तीन कोस, वैनगंगेच्या काठी, तिथलेबी सारे ढीवरच. दोन दिवसासाठी म्हनून गेली ती आलीच नाही. कार्तिक गेला, अगहन गेला, पूस गेला.

धनीराम तीनदा आनाले गेला.

पहिल्यांदा गेला तं सासऱ्यानं, भैय्यालालनं, खाटेवर नवी सतरंजी टाकली. साळ्यानं, गोपीचंदनं, पाय धुवाले गरम पानी आनलं. सासूनं, देवकाबाईनं, कोंबडा कापला. धनीरामनं म्हटलं, "मामाजी, जिजाले पाठवता का?"

"पाठवू ना. कायले नाही पाठवू? अजून भात घ्या."

दुसऱ्यांदा गेला तं म्हने धान कापाचा हाये. तिसऱ्यांदा म्हने पुसात पोरगी पाठवत नाही. अन् हर खेपेले कोंबडा. जिजा आत चुलीपाशी. सासरवाडीत मोठ्या मानसाईसमोर नवराबायकोनं बोलाचं नाही, अशी रीत. तिच्या बांगड्याचा आवाज ऐकू येये, बस. धनीराम कोंबडा खाये अन् तीन कोस पायी परत येये. पोट भरलेलं, डोकं रिकामं.

इकडं जवाई म्हंजे देव. अन् देवाले कोनी शिव्या देत नाही, तसं खरंबी सांगत नाही.

"त्याईनं मले एक लाठी मारली असती तरी चाललं असतं," तो मायले, बायाबाईले, म्हने. "काहून मारली, हे तरी विचारता आलं असतं."

बायाबाई म्हने, "तू विचारत असन उभ्या उभ्या."

मंग धनीराम इश्वरच्या मांगं लागला. मोहटोल्यासंगं मॅच घे. इश्वर चाकाचा पंचर काढून राहिला होता.

"मोहटोल्याची टीम कोनती गा?"

"हाये. माहा साळा कॅप्टन हाये."

"तू मॅच खेळाले जाऊन राहिला का बायको आनाले?"

"दोन्ही."

"एका दिवसात एकच काम होते धनीराम. अन् माहं काम मॅच जितनं हाये. तुहं तू पाह्य."

"तू घे तं."

इश्वरनं घेतली. माघ महिन्यातला इतवार ठरला. निंगताना बायाबाई म्हने, "ह्या खेपेस नुसता जेवून येजो नोको." धनीरामनं मनात धरलं. आज काहीतरी होईन. येईन तं येईन, नाही तं नाही. पन नाही म्हनाले लावीन.

मोहटोल्याचं ग्राउंड म्हंजे धान कापलेली चार लागून वावरं, इकडं बांध्या म्हनते. मधले मातीचे धुरे फोडून सपाट केल्या होत्या, तरी धानाची खुटं पायाले टोचत. चारही भाईरचे धुरे म्हंजे बाऊंड्री. धुऱ्याले बॉल लागला का चार, धुऱ्याच्या पार पडला का सहा. एका कोपऱ्यात लाखोरीचं पीक उभं होतं अन् जिचं होतं ती बुढी काठी घेऊन तिथंच बसली होती. लाखोरीत बॉल गेला का दोन रन द्याचे अन् बुढीनं स्वतः बॉल शोधून आनाचा, दुसऱ्या कोनाचा पाय पडला का काठी. हे सारं टॉसच्या आधी ठरलं. अंपायर एकच, ज्याचं गाव त्याचा.

अंपायर म्हनून भैय्यालाल उभा राहिला. धनीरामचा सासरा.

"याईले समजते का?" इश्वरनं विचारलं.

"गावात सगळ्यात मोठे तेच हायेत," गोपीचंद म्हने. "त्याईच्या शब्दाच्या भाईर कोनी जात नाही. मंग समजाचं काय कारन?"

भैय्यालालचं पांढरं धोतर, खांद्यावर शेला, डोक्यावर छत्री उघडलेली. एका खिशात सहा चिंचोके. बॉल पडला का एक चिंचोका ह्या खिशातून त्या खिशात. आऊट देताना बोट नाही, पुरा हात वर करे, जसा नदीपल्याडच्या डोंगेवाल्याले बोलावून राहिला.

मोहटोल्याची पहिली बॅटिंग. बारा ओव्हरची मॅच. दुसऱ्याच बॉलले घोटाळा झाला. धनीराम तीन कोस चालून आला होता, घसा सुकला होता. बॉल हातात घेऊन त्यानं भाईर बसलेल्याईकडे पाहून हात वर केला अन् ओरडला, "पानी!"

भैय्यालालचा हात वर गेला.

बॅटवाला पाहतच राहिला. "मी काय केलं काकाजी?"

"जवाईबापूनं मांगलं."

"त्याईनं पानी मांगलं."

"मंग पानीबी आना. पन तू जाय."

तो गेला. इश्वरले हसू अन् खुशी दोन्ही आवरेना. धावत धनीरामजवळ आला. "धनीराम, तू नुसता ओरडत जाय. काहीबी ओरड. आपन बाराच्या बारा ओव्हर कायले खेळाच्या?"

धनीरामनं तोंड घट्ट मिटलं. असं करून मॅच जितून मोहटोल्यातून जाचं, म्हंजे चौथा कोंबडाच झाला तो.

गोपीचंद खेळाले आला. हा पोट्टा चांगला खेळे. दोन धुऱ्याले, दोन धुऱ्याच्या पार, एक लाखोरीत. एक बॉल त्याच्या बॅटले चाटून मांगं आला अन् धनीरामनं पकडला. साऱ्याईनं आवाज ऐकला. इश्वर नाचाले लागला.

भैय्यालालनं जवाईकडं पाह्यलं. "जवाईबापू, तुमी काय म्हनता?"

धनीराम काहीच म्हने ना.

"मंग खेळ बाबू," भैय्यालाल पोराले म्हने.

इश्वरनं टोपी जमिनीवर आपटली. धनीराम स्टंपामांगून हळूच म्हने, "गोपी, तुले सोडलं हाये मी. आता एक सांग. तुही बहीन काहून येत नाही?"

गोपीचंदनं बॅट टेकवली, नजर समोर. "ह्या बॉलनंतर सांगतो भाटोजी."

बॉल झाला.

"सांग ना."

"तुमाले चहा सांगू का?"

धनीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा ओव्हर तो स्टंपामांगं ह्या पायावरून त्या पायावर नाचत राहिला. मोहटोल्याचे एकाहत्तर झाले.

करडीले बहात्तर पाह्यजे होते. धनीराम सुरुवातीलेच खेळाले गेला. धुऱ्यावर गावातल्या बाया बसल्या होत्या, कोनी लाखोरीची भाजी तोडून राहिली, कोनी नुसतीच. त्यात हिरवं लुगडं नेसून जिजा होती. धनीरामनं तिकडं पाह्यलं नाही. पन ती कितव्या नंबरले बसली हाये, उजव्या बाजूले कोन, डाव्या बाजूले कोन, सारं त्याले माहीत होतं.

गोपीचंद समोरून येऊन बॉल टाके. बाकीच्याईले टाकला का आगीसारखा. इश्वर शून्यावर बोल्ड, त्याच्या मागचा बी बोल्ड, तिसऱ्याच्या पोटात बसला, तो स्वतःच निंगून गेला. अन् धनीराम समोर आला का तोच गोपीचंद असा हळू टाके, जसं मांडवात अक्षता टाकून राहिला.

"जोरात टाक ना बे," धनीराम म्हने.

"हव भाटोजी." अन् परत अक्षता.

अशा बॉलले मार बसे ना काय? बसेच. धनीरामचे पंधरा झाले, वीस झाले. एक बॉल खुटावर पडून वाकडा झाला अन् सरळ स्टंपात गेला. तीनही स्टंप आडवे.

"नो बॉल," भैय्यालाल म्हने.

"काहून?" हे खुद्द गोपीचंदनं विचारलं.

"माह्या जवाईचं ध्यान नोहोतं."

मंग एकदा रन काढताना धनीराम अर्ध्या वाटेत होता अन् तिकडं स्टंप पाडले. भैय्यालाल म्हने, त्याईची चप्पल निंगाली होती. धनीराम उघड्या पायानं खेळून राहिला होता. मंग एका पोट्ट्यानं सरळ कॅच घेतला, अंपायरकडं पाह्यलं, भैय्यालालनं डोळे वटारले, पोट्ट्यानं बॉल असा सोडून देला जसा निखारा हाये. "सुटला काकाजी," म्हने.

आठव्या ओव्हरमंधी देवकाबाईनं चहा पाठवला. साऱ्याईले नाही, जवाईले. ताटात पोहे, वरून ओलं खोबरं. ओव्हर थांबली. धनीराम बॅट काखेत धरून, उभ्यानंच, पोहे खाऊन राहिला अन् बावीस मानसं त्याच्या तोंडाकडं पाहून राहिले. मोहटोल्याचे पोट्टे एकमेकात कुजबुजत, "असं हाये तं आपन हारलो समजा." पन त्यातलाच एक पोट्टा धनीरामजवळून गेला तं म्हने, "वा भाटोजी, मस्त खेळून राहिले."

माशाले पान्याभाईर काढून वरून पंख्यानं हवा घालावी, तसं त्याचं झालं होतं. अठ्ठावन झाले. सहासष्ट झाले. करडीवाले खुशीत टाळ्या वाजवून राहिले. धनीरामनं विचार केला का आपनच आऊट व्हावं. एक बॉल भाईरून जाऊ देला अन् मांगं वळून बॅटनं स्वतःच स्टंप पाडले. चांगले दोन.

भैय्यालालनं आभाळाकडं पाह्यलं. "वारा आला," म्हने.

पळसाचं पानबी हाललं नोहोतं.

धनीराम चालत अंपायरपाशी गेला. "मामाजी, मी आऊट हावो."

"तुमी थकले. थोडी छाव घ्या." भैय्यालालनं छत्री त्याच्या डोक्यावर धरली.

"मले छाव नोको. आऊट द्या."

"असं कसं देऊ? आमी आमची पोरगी देली तुमाले. लोक काय म्हनतीन, घरी बोलावून जवाईले आऊट केला?"

"पोरगी देली अन् ठेवून घेतली," धनीराम म्हने.

हे एवढं वाक्य आजपर्यंत कोनी कोनाले म्हटलं नोहोतं. भैय्यालालनं तोंड फिरवलं. बॉल पडला नोहोता, तरी एक चिंचोका ह्या खिशातून त्या खिशात टाकला.

करडीले आता सहाच पाह्यजे होते. तीन बॉल उरले, खेळनारे तिघंच उरले. गोपीचंद आला. पन ह्या खेपेस त्यालेबी राग आला असन, का बापाचं तोंड पाहून काही झालं असन, त्यानं अक्षता टाकल्या नाही. बॉल जोरात आला. धनीरामनंबी डोळे मिटून सारा जीव लावून बॅट फिरवली. बॉल वर गेला. एवढा वर का साऱ्याईच्या टोप्या पडल्या पाहता पाहता. बाया बसल्या होत्या त्या धुऱ्याकडं तो खाली येऊ लागला. खाली मोहटोल्याचा एक पोट्टा उभा होता, त्यानं सवयीनं दोन्ही हात पाठीमांगं घेतले.

जिजा उठली. धुऱ्यावर उभी राहिली, दोन पावलं सरकली, अन् बॉल दोन्ही हातात घेतला. टोपलीतून उसळलेला मासा घ्यावा तसा.

"सिक्सर!" इश्वर ओरडला. "जितलो."

"कायचा सिक्सर?" गोपीचंद म्हने. "बॉल धुऱ्याच्या पार कुठं गेला? ती धुऱ्यावर हाये."

"धुऱ्याले लागला म्हंजे चार तं हायेच."

"धुऱ्याले कुठं लागला? हातात हाये तिच्या."

"आऊट हाये," जिजा म्हने. तिचा आवाज मोठा नोहोता, पन सारे तिकडं वळले. "मी पकडला."

भैय्यालाल छत्री सांभाळत तिकडं धावला. "पोरी, बस खाली. बॉल टाक इकडं. जवाईबापू नॉट आऊट हायेत."

"बाबा, मी तुमाले मंडईच्या दुसऱ्याच दिवशी सांगतलं होतं. मी काहून येत नाही ते याईले सांगा म्हनून. सांगतलं का?"

"जवाईले असं कसं सांगाचं व?"

"मंग तुमी राहू द्या. मी सांगतो."

धनीराम बॅट घेऊन निंगाला. स्टंपापासून धुऱ्यापर्यंत पन्नास पावलं असतीन. सारं गाव पाहून राहिलं, देवकाबाईनं डोक्यावरचा पदर तोंडावर घेतला. मागून इश्वर बोंबलून राहिला होता, "अबे धनीराम, सहा रन पाह्यजे, कुठं चालला?"

"आऊट झालो."

"कोनं देला?"

"जिनं पकडला तिनं."

तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तीन महिन्यानं तोंड पाह्यलं. ती वाळली नोहोती का काही नोहोती, चांगली होती. त्यालेच कसंतरी झालं.

"तीनदा आले," जिजा म्हने. "बाबाले विचारलं. मायले विचारलं. गोप्याले विचारलं. गोठ्यातल्या बैलालेबी विचारलं असन. मले विचारलं?"

"तू आत होती."

"दार उघडं होतं."

धनीरामनं ह्या पायावरचा भार त्या पायावर घेतला. "आता विचारतो. येते का?"

"कायले येऊ?"

"माय वाट पाहते."

"तुमच्या मायनं बोलावलं का तुमी बोलावून राहिले?"

"मी."

"कायले?"

"घरात जीव लागत नाही."

"तुमचा घरात जीव कधी लागला होता?"

बाया हसल्या. धुऱ्याखालचे पोट्टेबी हसले. धनीरामले एकदम पळून जावं वाटलं, पाय तयारच होते. पन गेला नाही. बोलला, हळूहळू, जसं एकेक खुट उपटून राहिला.

"तू होती तवा मी भाईर जात होतो अन् परत येत होतो. आता परत याचं कुठं, तेच समजत नाही. नुसता जाऊनच राहिलो."

जिजानं बॉल हातात फिरवला. मंग धुऱ्यावर बसली अन् बाजूले हात मारला. "बसा."

धनीराम बसला. दोन्ही गुडघे खाली.

तिकडं मॅच संपली. करडीचा शेवटचा गडी आला, गोपीचंदनं त्याले एकाच बॉलमंधी उडवला, अन् भैय्यालालनं हात एवढ्या जोरात वर केला का छत्री पडली. आज पहिल्यांदा त्याले कोनाले तरी मनापासून आऊट देता आलं. पाच रननं करडी हारली. इश्वर धुऱ्यापाशी आला, बॅट मांगून घेतली.

"चालतो का?"

धनीरामनं जिजाकडं पाह्यलं. जिजा इश्वरले म्हने, "तुमी जा भाऊजी. याईचं काम बाकी हाये."

"आमचं बी बाकी होतं बाई," इश्वर म्हने. "सहा रन." अन् गेला. महिनाभर तो धनीरामशी बोलला नाही, सायकलचं पंचरबी काढून देलं नाही. त्याच्या जागी तो बरोबर होता.

जिजाचं म्हननं साधं होतं. तीन वर्षं मी तुमच्या तलावात उभी राहिली. तुमी आठ दिवस माह्या बापाच्या डोंग्यात राहा. जवाई म्हनून नाही, कामाले. लावाचं जाळं लावा, वाट पाहा, काढा. आठ दिवसानं मी सांगतो येतो का नाही ते.

देवकाबाईले हे ऐकून घामच फुटला. जवाईले कामाले लावलं तं जातवाले तोंडात शेन घालतीन. भैय्यालाल म्हने, असं आपल्या सात पिढ्यात झालं नाही. धनीराम म्हने, "मामाजी, मी उद्या सकाळी घाटावर येतो."

पहिले दोन दिवस मजाच होती. भैय्यालाल स्वतः डोंगा वल्हवे अन् जवाईले डोंग्याच्या टोकाले घोंगडी अंथरून बसवे. जाळ्याले हात लावू देये ना. "राहू द्या बापू, ओलं होईन." धनीराम घोंगडीवरून उठे, बसे, उठे. डोंगा डुले. गोपीचंद एका हातानं डोंगा धरे अन् दुसऱ्या हातानं जाळं.

तिसऱ्या दिवशी भैय्यालालचं ध्यान नसताना धनीराम जाळ्याच्या दोरीपाशी गेला. सकाळची वेळ, वैनगंगेवर धुकं. जाळ्याच्या मधोमध खालून काहीतरी जड ओढून राहिलं होतं. थांबाचं होतं. अजून दोन चार मिनटं थांबाचं होतं, म्हंजे मासा थकला असता. धनीरामच्यानं झालं नाही. त्यानं ओढलं. डोंग्याच्या काठावर एक रोहू आला, लेकराएवढा, लाल पोटाचा, त्यानं एक झटका मारला, जाळं फाटलं, अन् तो गेला.

भैय्यालाल वल्हं टाकून उभा राहिला.

"अबे भाड्या," तो म्हने. "हात हायेत का खुंटे? कोनं सांगतलं ओढाले? साठ वर्षात असा रोहू मी चारदा पाह्यला असन, अन् तू... उतर. उतर डोंग्यातून. तुह्या बापानं तुले जाळं धरनं शिकवलं का नुसतं खानं शिकवलं? अन् माह्या पोरीचं नशीब पाह्य, तीन वर्षं असल्या मानसासंगं..."

गोपीचंदनं डोळे मिटून घेतले. भैय्यालाल मधातच थांबला. काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं.

"बोला ना मामाजी," धनीराम म्हने. "थांबले कायले?"

भैय्यालालनं त्याच्याकडं पाह्यलं. जवाई हसून राहिला होता, वरून पान्यानं चिंब. मंग म्हातारा खाली बसला अन् म्हने, "इकडं ये. दोरी अशी धर. बोटात नाही, तळहातात. मासा ओढते तवा ढील देजो. तो थांबते तवा घेजो. आता गप बस."

सांजेले जिजानं भाकर वाढली. आता ती भाईर येऊन वाढे.

"बाबानं शिव्या देल्या म्हने."

"हव. पोटभर."

"काय म्हने?"

"जे तुनं सांगाले सांगतलं होतं, तेच असन. जरा जास्त."

तिनं भाकरीवर तेल जास्त टाकलं.

पुढच्या दिवसात रोहू काही आला नाही. लहान लहान मच्छी आली, एक दिवस तर नुसतं शेवाळ. धनीराम डोंग्यात बसला का त्याचा एक पाय हाले, म्हातारा वल्ह्यानं त्याच्यावर टपली मारे, पाय थांबे, मंग दुसरा हाले. घाटावरच्या बाया पाहून हसत, मोहटोल्याचे पोट्टे "भाटोजी" म्हनाचं सोडून "धनीराम" म्हनाले लागले. गोपीचंद तं सरळ म्हने, "ते जाळं तिकडून ओढ बे." देवकाबाईनं फक्त ऐकनं बंद केलं.

आठव्या दिवशी सकाळी जिजानं आपलं लुगडं बांधलं, सुकट बांधली, बायाबाईसाठी लाखोरीची भाजी बांधली. कोनाले काही सांगतलं नाही. अंगनात येऊन उभी राहिली. देवकाबाई धावत आत गेली अन् नवं धोतर घेऊन आली, लेक पाठवताना जवाईले द्याची रीत हाये.

"माय, राहू दे," जिजा म्हने. "ते कामाले आले होते."

मंग देवकाबाईले काय करावं समजेना. धोतर हातात, डोळ्यात पानी. धनीराम पाया पडला अन् भरलेली टोपली उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. मोहटोल्याच्या रस्त्यानं जवाई टोपली घेऊन चालला हे पाहाले लोक दारात आले. एक म्हातारी म्हने, "आग लागो, काय जमाना आला."

भैय्यालाल घाटापर्यंत संगं आला. तिथं टोपलीची चुंबळ सरळ करून देली.

गाव मांगं पडलं. बांध्या लागल्या, मधून धुऱ्याची पायवाट. धनीराम पुढं गेला, एक बांधी पार केली, मांगं पाह्यलं, जिजा लांब होती, परत आला. परत पुढं गेला, परत आला.

"हळू चाला," जिजा म्हने.

"हळूच चालून राहिलो."

"हे हळू हाये?"

"माह्यासाठी हाये."

"माह्यासाठी नाही."

धनीरामनं टोपली डोक्यावर नीट केली, अन् तिच्या मांगं झाला.